हाती घडवलेल्या पात्यावरची काळी खपली आणि गंज कसा काढावा?

भात्यापाशी

नमस्कार. छंद म्हणून लोहारकाम सुरू करून मला जेमतेम वर्ष होत आले आहे आणि हे माझे तिसरे पाते आहे. गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून साधारण २० सेंटीमीटर लांबीचे पाते घडवले, तीनदा तापवून हवेत निवू दिले, मग चुंबक चिकटेनासा झाल्यावर थोडे आणखी तापवून कोमट तेलात बुडवले आणि शेवटी ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला दोन-दोन तासांच्या दोन फेऱ्या दिल्या. पाते वाकले नाही, तडाही गेला नाही. मात्र सबंध पात्यावर करड्या-काळ्या रंगाची खरखरीत खपली बसली, आणि ती काढताना माझी जी फजिती झाली ती सविस्तर सांगतो.

आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन संध्याकाळी घासत बसलो. कागद गुळगुळीत झाला आणि खपली गेली नाहीच, उलट तिला काळी चकाकी आली. मग कोणीतरी सुचवल्यावरून पाते उंच बरणीत व्हिनेगरमध्ये उभे ठेवले. मुठीत जाणारा भाग बरणीबाहेर राहिला. रात्री ठेवलेले पाते सकाळी, म्हणजे सुमारे १४ तासांनी, बाहेर काढले. खपली बरीचशी सुटली होती, पण व्हिनेगरची पातळी जिथे होती नेमक्या त्याच ठिकाणी आडवी खाच पडली आहे आणि तिच्यात नख अडकते. पाते नळाखाली धुतले आणि फडके शोधून आणेपर्यंत त्यावर नारिंगी गंजाचा पातळ थर आला. या सगळ्यावर कडी म्हणजे खपली गेलेल्या जागी कानस फिरवून पाहिली तर ती धातूला चावते आहे. पात्याला पाणी बसलेच नाही, म्हणजे ते कडक झालेच नाही, असे समजायचे का? आता पुढे काय करावे?

जुनी कानस

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर कळले की बाकीच्या तक्रारींकडे पाहण्याची दृष्टी बदलेल. पात्याला पाणी बसले असण्याचीच शक्यता अधिक आहे. (तेलात बुडवले तरी आपण त्याला पाणी देणेच म्हणतो, हा आपल्या भाषेचा एक गोड हट्ट आहे.) पोलाद भट्टीत लालबुंद असताना हवेतला ऑक्सिजन एकाच वेळी दोन उद्योग करतो. तो लोखंडाशी संयोग पावून खपली तयार करतो, आणि पृष्ठभागाजवळच्या कार्बनला वायुरूपाने घेऊन जातो. त्यामुळे खपलीच्या खाली पोलादाची एक साल अशी उरते की जिच्यात कार्बन फारसा राहिलेलाच नसतो. ती कितीही वेळा तेलात बुडवा, कडक होणार नाही. तुमची कानस चावली ती या सालीला. पोलाद किती वेळ आणि किती तापले यावर तिची जाडी ठरते, पण उघड्या घरगुती भट्टीत तीनदा तापवलेल्या पात्यावर ती दोन-तीन दशांश मिलिमीटर सहज असते.

म्हणून पात्याच्या टाचेजवळ, धारेलगत, नखाएवढी जागा निवडा आणि तिथे ही साल उतरेपर्यंत घासा. मग त्याच जागी कानस हलक्या हाताने फिरवा. खाली पाणी बसलेले असेल तर कानस काचेवरून घसरावी तशी घसरेल आणि आवाजही बदलेल. सालीवर तो भरडा, ओढल्यासारखा येतो, तर कडक पोलादावर बारीक आणि किणकिणता. कानस तिथेही चावली तरच पुन्हा तापवण्याचा विचार करा.

आता कागदाबद्दल. खपलीतला मॅग्नेटाइट (लोखंडाचे काळे ऑक्साइड) खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोहस मापनावर साधारण ५.५ ते ६.५ येतो, म्हणजे कडक पोलादाच्या जवळपास. कागदावरचे कण त्याहून बरेच कठीण असतात हे खरे, पण हाताच्या दाबाने ते खपलीत पुरेसे रुतत नाहीत. त्यांची टोके बोथट होतात आणि पुढे नुसते पॉलिश होत राहते. तुम्हाला दिसलेली काळी चकाकी ती हीच. नवी चांगली कानस खपलीवर कधीही लावू नये. दातांची पहिली धार तिथेच जाते. माझ्याकडे एक म्हातारी कानस केवळ याच कामासाठी राखून ठेवलेली आहे आणि तिच्या कोपऱ्याने मी खपली खरवडतो, घासत नाही. एकदा ठिकठिकाणी खपली फुटली की मग ३६ किंवा ६० नंबरचा भरडा पट्टा अथवा कागद आपले काम करतो.

प्रयोगवही

वरच्या उत्तराला थोडी रसायनशास्त्राची जोड देतो, कारण खपली आणि गंज यांना एकच समजून उपाय करणे हे मला बहुतेक फजितीचे मूळ वाटते.

खपली कोरड्या उष्णतेत तयार होते आणि तिच्यात लोखंडाच्या ऑक्साइडांचे तीन थर असतात. धातूला चिकटलेला वुस्टाइट, त्यावर मॅग्नेटाइट आणि सर्वांत बाहेर हेमाटाइटचा अतिशय पातळ थर. वुस्टाइट सुमारे ५७० अंशांच्या वरच स्थिर असतो. पाते सावकाश निवले तर त्यातला बराचसा भाग मॅग्नेटाइट आणि लोखंड यांच्यात मोडतो. तेलात झटक्यात निवले तर तो तसाच अडकून राहतो. गंजाचे तसे नाही. त्याला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, तो सच्छिद्र असतो, ज्या लोखंडातून झाला त्यापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि म्हणूनच फुगून सुटत राहतो. खपली धातूला झाकते, तर गंज ओलावा धरून ठेवतो आणि खालचा धातू खात जातो. खपलीला फोडावे किंवा सैल करावे लागते. गंजाला मात्र पुष्कळदा तेल आणि बारीक घासणी पुरते.

व्हिनेगरमध्ये अॅसिटिक आम्ल साधारण ४ ते ५ टक्के असते. ते खपलीच्या भेगांतून आत शिरते, तळाचा थर विरघळवते, खालच्या लोखंडाशी क्रिया करते आणि तिथे सुटणारे हायड्रोजनचे बुडबुडे खपलीला आतून उचलतात. पाते बाहेर काढल्यावर बोटांना काजळीसारखा काळा चिखल लागतो तो याचमुळे. हा चिखल वेळोवेळी काढला नाही तर तो उरलेल्या खपलीला झाकून बसतो आणि आम्ल उघड्या पडलेल्या धातूवरच काम करत राहते. दर दोन-तीन तासांनी पाते काढून ताठ ब्रशाने किंवा भांड्यांच्या हिरव्या घासणीने घासावे. असे केल्यास एरवी रात्रभर लागणारे काम सहा-सात तासांत होते, आणि व्हिनेगर कोमट असेल तर त्याहूनही लवकर.

खाच पडली ती पाते अर्धवट बुडालेले असल्यामुळे. द्रवाच्या पातळीवर आम्ल आणि हवा दोन्ही एकदम भेटतात, तिथे विरघळलेला ऑक्सिजन सतत मिळत राहतो आणि धातू सर्वांत वेगाने तिथेच झिजतो. पाते आडवे ठेवून पूर्ण बुडेल असे प्लास्टिकचे किंवा काचेचे पसरट भांडे घ्यावे. लांब पात्यासाठी एका टोकाला बूच लावलेला प्लास्टिकचा पाइप उत्तम. जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरू नये, कारण आम्ल आधी तिचेच जस्त खाते.

नारिंगी थराबद्दल वाईट वाटून घेऊ नका, तो सर्वांनाच येतो. आम्लाने पृष्ठभाग अगदी उघडा केलेला असतो आणि आम्लाचा अंशही मागे राहिलेला असतो. बाहेर काढताच पाते खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, आणि मग कढत पाण्याने धुवा. पाते स्वतःच इतके तापते की फडके फिरवण्याआधीच निम्मे पाणी उडून जाते. लगेच तेल लावा. फडके आणि तेल काम सुरू करण्यापूर्वीच हाताशी काढून ठेवायला हवे, हे तुम्हाला आता सांगण्याची गरज उरलेली नाही.

एक धोका मात्र नीट समजून घ्यायला हवा. आम्लात सुटणाऱ्या हायड्रोजनचा काही अंश पोलादात शिरतो आणि पाणी दिलेले कडक पोलाद त्यामुळे ठिसूळ होऊ शकते. मऊ अवस्थेत हा त्रास जवळजवळ नसतो. म्हणून खपली काढण्याचा आम्लस्नानाचा टप्पा शक्यतो पाणी देण्यापूर्वी उरकावा आणि नंतर आम्ल लावायचेच झाले तर मिनिटांत मोजावे, तासांत नव्हे. तुमचे पाते १४ तास राहिले आहे, तेव्हा ते ओव्हनमध्ये १९० ते २०० अंशांना तीन-चार तास पुन्हा ठेवा. तुमच्या टेम्परिंगच्या, म्हणजे पाणी दिल्यानंतर ओव्हनमध्ये दिलेल्या फेऱ्यांच्या, तापमानापेक्षा हे जास्त नसल्यामुळे कडकपणा कमी होणार नाही आणि आत शिरलेला हायड्रोजन बराचसा निघून जाईल. हे जितके लवकर कराल तितके बरे.

घणाचा घाव

एवढा खटाटोप कशासाठी? मी फरशी साफ करण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात घालून वापरतो. दहा-पंधरा मिनिटांत खपली गायब होते आणि पाते राखाडी, स्वच्छ निघते.

जुनी कानस

वेगाबद्दल वाद नाही. मीही एके काळी तेच करत होतो, आणि तेही बंद खोलीत, झाकण न लावता. चार-पाच दिवसांनी पाहिले तर ड्रिलचा दांडा, व्हाइसचे जबडे, भिंतीवर टांगलेल्या कानशी, सगळ्यांवर तांबूस लव आली होती. त्या आम्लाची वाफ खोलीभर फिरते आणि जिथे ओलावा आहे तिथे बसते. माझे पाते स्वच्छ झाले खरे, पण बाकीच्या अवजारांना महिनाभर तेलपाणी करावे लागले.

घणाचा घाव

मी अंगणात करतो, त्यामुळे हा अनुभव मला आला नाही. पण आपला मुद्दा मान्य आहे. नवख्याने हे करू नये असे मीही म्हणेन. करायचेच असेल तर चष्मा आणि रबरी हातमोजे घालावेत, आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये, आणि ब्लीच असलेले कोणतेही द्रावण जवळपाससुद्धा ठेवू नये, कारण दोन्ही मिसळल्यास क्लोरीन वायू सुटतो.

प्रयोगवही

मधला मार्ग हवा असेल तर सायट्रिक आम्लाची पूड घ्यावी. लिटरभर गरम पाण्यात ५० ते १०० ग्रॅम पूड विरघळवली की पुरते. वास नाही, वाफेचा त्रास नाही आणि लोखंडाचे आयन धरून ठेवण्याचा गुण असल्यामुळे गंजावर ते व्हिनेगरपेक्षा चांगले चालते. फॉस्फोरिक आम्लाची गोष्ट वेगळी आहे. ते गंजाचे लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर करून काळसर थर मागे ठेवते, आणि रंग द्यायच्या फाटकाला तो उपयोगी असला तरी चकाकी द्यायच्या पात्यावर तो मला नकोसा वाटतो.

हे सगळे साध्या कार्बन पोलादाबद्दल चालले आहे. स्टेनलेसवरची खपली क्रोमियममुळे फार चिवट असते आणि कारखान्यांत ती काढायला नायट्रिक व हायड्रोफ्लोरिक आम्लांचे मिश्रण वापरतात. ते घरी करण्याचे काम नव्हे. तिथे घासणे हाच मार्ग.

कपाटातला चाकू

धाग्याला धरूनच एक प्रश्न विचारतो. माझ्याकडे आजोबांच्या काळातला, लोहाराने घडवलेला एक चाकू आहे. त्यावर खपली नाही, पण तांबडा गंज आहे आणि गंजाच्या मधे-मधे काळे डाग आहेत. मूठ लाकडाची असून पितळी रिबिटांनी बसवलेली आहे. तोही व्हिनेगरमध्येच ठेवावा का?

जुनी कानस

अजिबात ठेवू नका. आम्ल मुठीच्या फटीत शिरेल, तिथून ते धुऊन निघणार नाही आणि मुठीच्या आतला, तुम्हाला न दिसणारा भाग वर्षानुवर्षे गंजत राहील. शिवाय पितळ आणि पोलाद एकाच आम्लात बुडाले की पितळातले तांबे विरघळून पात्यावर तांबूस मुलामा चढण्याची शक्यता असते. पात्याला हलके तेल चोपडून एक दिवस तसेच ठेवा आणि मग अत्यंत बारीक स्टीलवूलने, तेल लावूनच, लांबीच्या दिशेने घासा. हट्टी ठिपक्यांना तांब्याच्या किंवा पितळेच्या पट्टीच्या कडेने खरवडा. ती पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा उठत नाही.

काळे डाग शक्य तर राहू द्या. तांबडा गंज चालू असतो, काळा बहुतेक वेळा थांबलेला असतो. तो काढण्याच्या नादात पात्यावरची घणाची खूण किंवा घडवणाऱ्याची मोहोर पुसली गेली तर ती परत आणता येत नाही. घासून झाल्यावर पात्यात बारीक खड्डे दिसतील. खड्ड्याच्या तळाचा तांबडेपणा निघाला की पुरे; खड्डा नाहीसा करायचा म्हणजे आजूबाजूचे सगळे पाते तेवढे खाली आणायचे, आणि जुन्या पात्याला ते परवडत नाही.

वीज आणि पाणी

गंजासाठी विद्युत पद्धत कोणी सांगितली नाही, म्हणून सांगतो. प्लास्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात दर चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालायचा, १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरचे ऋण टोक पात्याला आणि धन टोक लोखंडाच्या टाकाऊ पट्टीला जोडायचे. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. गंज सैल होऊन काळ्या चिखलाच्या रूपात निघतो आणि चांगला धातू झिजत नाही. टोके उलटी जोडली तर मात्र पट्टी शाबूत राहते आणि पाते खाल्ले जाते, हे मी स्वानुभवावरून लिहितो आहे.

प्रयोगवही

चांगली भर घातलीत. दोन गोष्टी जोडतो. टाकाऊ पट्टी स्टेनलेसची घेऊ नये, कारण तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. तसेच या पद्धतीतही पात्यावर हायड्रोजनच सुटतो, त्यामुळे हवेशीर जागा हवी, ठिणगी नको, आणि कडक पात्याच्या ठिसूळपणाचा वर लिहिलेला इशारा इथेही तंतोतंत लागू आहे. बांगडीसारख्या गंजलेल्या कड्या, जुने विळे, कुलुपे यांच्यासाठी ही पद्धत मला आवडते. भट्टीच्या खपलीवर तिचा उपयोग बेताचाच होतो.

ओली ऐरण

धागाकर्त्यांनी पुढच्या पात्यासाठी एवढे लक्षात ठेवावे, की खपली काढण्याची सर्वांत सोपी वेळ ती गरम असतानाची असते. भट्टीतून काढलेल्या पात्यावर पहिला घाव घालण्याआधी तारेचा ब्रश दोनदा ओढावा. नाहीतर हातोडा तीच खपली धातूत ठोकून बसवतो आणि मग दिसतात ते खड्डे गंजाचे नसून तुमच्या स्वतःच्या हाताचे असतात. शेवटच्या हलक्या घावांच्या वेळी मी ऐरणीवर पाणी शिंपडतो आणि हातोडाही पाण्यात बुडवून घेतो. लाल पाते ओल्या ऐरणीवर टेकवून घाव घातला की पाण्याची वाफ फटाक्यासारखी फुटते आणि खपलीचे पापुद्रे उडून जातात. खालून स्वच्छ करडा धातू दिसतो. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण ते पापुद्रे तापलेले असतात आणि चेहऱ्याच्या उंचीपर्यंत येतात.

पाणी देण्यापूर्वी पाते स्वच्छ घासून त्यावर चिकणमातीचा किंवा टाकणखाराचा पातळ लेप दिल्यास त्या शेवटच्या तापात खपली फारच कमी धरते. भट्टीत हवा जरा कमी आणि इंधन जरा जास्त ठेवल्यानेही फरक पडतो. आणि धार त्या वेळी मिलिमीटरभर जाड ठेवा, म्हणजे जुनी कानस यांनी सांगितलेली मऊ साल काढायला माल शिल्लक राहील.

जुनी कानस

हे उत्तम लिहिले आहे. यंत्रावर घासणार असाल तर एवढे सांभाळा, की पाणी दिलेले पाते हातमोजे न घालता धरावे आणि बोटांना चटका जाणवला की लगेच पाण्यात बुडवावे. धारेचा पातळ भाग सर्वांत आधी तापतो. तिथे पिवळट रंग दिसला तर २००-२२० अंश झाले आहेत, निळा दिसला तर ३०० च्या आसपास पोहोचलात आणि तेवढ्या जागेचे पाणी उतरले. तारेच्या चक्रीचा मोह टाळा. ती घट्ट खपली काढत नाही, नुसती चमकवते, आणि पात्याची कड तिच्यात अडकली तर पाते हातातून हिसकावून घेते.

भात्यापाशी

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर वेळ घेऊन काम केले, त्याचा वृत्तान्त देतो.

त्याच दिवशी पाते ओव्हनमध्ये १९० अंशांना चार तास ठेवले. नंतर टाचेजवळ नखाएवढी जागा घासून कानस लावली. पहिल्यांदा चावली, आणखी थोडे घासल्यावर अर्धवट चावली, आणि तिसऱ्या वेळी सरळ घसरली. तो किणकिणता आवाज ऐकून इतका आनंद झाला की घरातल्यांना बोलावून ऐकवला. त्यांना त्यात काय विशेष ते कळले नाही.

मग पाते फळीवर शिकंज्यांनी आवळले, टोक फळीच्या आत राहील याची काळजी घेतली, आणि ६० नंबरचा कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळून पाण्यात साबणाचा थेंब टाकून घासायला घेतले. ६० ने आडवे, १२० ने तिरपे, २२० ने उभे, अशी प्रत्येक वेळी दिशा बदलली. त्यामुळे आधीच्या कागदाचे ओरखडे उरले असले की लगेच दिसतात. व्हिनेगरच्या रेषेवरची खाच साधारण पाव मिलिमीटर खोल निघाली. ती जाईपर्यंत एक पूर्ण दुपार गेली, पण नंतर ध्यानात आले की तेवढ्याच खोलीपर्यंत मऊ सालही काढायचीच होती.

साल सगळीकडून गेली की नाही हे पाहण्यासाठी, आम्लाचा आता धाक बसलेला असूनही, ४०० नंबरनंतर पाते फक्त दहा मिनिटे कोमट व्हिनेगरमध्ये पूर्ण बुडवले. बहुतेक पाते एकसारखे गडद करडे झाले, पण पाठीकडे दोन ठिकाणी आणि टोकाजवळ एका ठिकाणी फिकट, ढगासारखे डाग राहिले. कानस त्या डागांवर चावते आणि बाजूला घसरते, म्हणजे साल अजून तिथे आहे. टोकाजवळचा डाग घासून काढला. पाठीकडचे दोन राहू दिले आहेत, कारण तिथे धार यायची नाही आणि आता पाते आणखी पातळ करण्याची इच्छा नाही. सोड्याचे पाणी, कढत पाणी, तेल, या क्रमाने सगळे उरकले. फडके या वेळी खांद्यावरच होते. गंजाचा थर आला नाही.

मूठ बसवण्यापूर्वी आतल्या भागावरची खपलीही काढावी का, एवढे कोणी सांगेल का? तो भाग तसा दिसणार नाहीच.

जुनी कानस

सैल असलेली सगळी काढा, घट्ट चिकटलेली राहिली तरी चालेल. सैल खपलीवर इपॉक्सी (मूठ चिकटवण्याचा गोंद) लावले तर ते पोलादाला नव्हे, खपलीला चिकटते, आणि मूठ हलायला लागते. ६० नंबरच्या कागदाने तो भाग खरबरीत करा आणि लावलेले तेल स्पिरिटने पुसून मगच इपॉक्सी भरा.